कापूसतळणीचें स्टेशन

ज्या स्टेशनावर स्टेशनमास्तर नाहीं, तिकिटाची खिडकी उघडत नाहीं, घंटा वाजत नाहीं, सिग्नलाचा हात वर-खालीं होत नाहीं, त्याला स्टेशन म्हणावें कीं नाहीं, असा प्रश्न शहरांतील मनुष्यास पडण्याजोगा आहे. खेड्यांतील मनुष्यास तो पडत नाहीं. जेथें गाडी थांबते तें स्टेशन, एवढी सुटसुटीत व्याख्या त्याला पुरते. आणि गाडी थांबेनाशी झाली तरी पुढें कित्येक वर्षें तो त्या जागेला स्टेशनच म्हणत राहतो. वऱ्हाडांत मूर्तिजापुराहून अचलपुरास जाणाऱ्या अरुंद लोहमार्गावर कापूसतळणी नांवाचें असें एक स्टेशन आहे. गांवाच्या नांवांतच कापूस आहे, आणि या लोहमार्गाचा जन्महि कापसाच्याच पोटीं झालेला आहे. म्हणून लाखपुरी, बनोसा, पथ्रोट इत्यादि शेजाऱ्यांचा प्रतिनिधि या नात्यानें आम्हीं त्याची निवड केली आहे. जें या एका स्टेशनाविषयीं खरें, तें त्या मार्गावरील बहुतेक लहान स्टेशनांविषयीं खरें आहे.

मुंबईहून नागपुरास जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गावर अकोला व बडनेरा यांच्या मध्यें मूर्तिजापूर लागतें. तेथून अडीच फूट रुंदीच्या रुळांचे दोन फांटे निघतात. एक उत्तरेस पूर्णा नदी ओलांडून दर्यापूर, कापूसतळणी, अंजनगांव यांवरून अचलपुरास जातो. त्याची लांबी सुमारें ७७ किलोमीटर. दुसरा आग्नेयेस कारंजा व दारव्हा यांवरून यवतमाळास जातो. तो सुमारें ११३ किलोमीटर लांबीचा. या मार्गावरील गाडीस लोकांनीं 'शकुंतला' असें नांव दिलें, आणि तेंच सर्वत्र रूढ झालें. अलीकडे या शकुंतलेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण तें बहुतेक सारें दोन सुरांत आहे. एक सूर हळवेपणाचा: चिमुकली गाडी, चिमुकलें इंजिन, शेतांतून रमतगमत होणारा प्रवास. दुसरा सूर संतापाचा: इंग्रज गेले तरी त्यांची कंपनी अजून आमच्याकडून भाडें उकळते! हे दोन्ही सूर ऐकावयास बरे लागतात. परंतु कापूसतळणीच्या स्टेशनावर मनुष्य कां नव्हता, या साध्या प्रश्नाचें उत्तर त्यांपैकीं एकांतहि सांपडत नाहीं. आमच्या मतें तें उत्तर या मार्गाच्या मालकीच्या इतिहासांत आहे, आणि तो इतिहास जमिनीच्या मालकीपासून सुरू होतो.

कापूसतळणीहून अचलपुराकडे जातांना पुढें अंजनगांव लागतें. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस हें नांव नवें नाहीं. ३० डिसेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यामधील तह याच सुर्जी-अंजनगांवीं झाला. त्याच्या पंधरा दिवस आधीं, १५ डिसेंबरास, उत्तरेकडील डोंगरांतला गाविलगड पडला होता. आणि १७ डिसेंबरास देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा आपला हक्क सोडला होता. तो मुलूख इंग्रजांनीं आपल्या दोस्ताच्या, म्हणजे निजामाच्या, पदरांत टाकला. पुढें पन्नास वर्षांनीं, १८५३ सालीं, हैद्राबादच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं तोच मुलूख इंग्रजांनीं निजामाकडून आपल्या कारभाराखालीं घेतला. आणि १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं दरसाल २५ लक्ष रुपयांच्या भाड्यानें तो कायमच्या पट्ट्यानें घेऊन दुसऱ्या वर्षीं मध्यप्रांतास जोडून टाकला. मुलूख निजामाचा, राज्य इंग्रजांचें, आणि नांगर वऱ्हाडी कुणब्याचा! ही मौज एवढ्यावरच संपत नाहीं. निजामाचें स्वामित्व कागदोपत्रीं इतकें शाबूत होतें कीं १९३६ सालच्या करारानें त्याच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. आणि त्या किताबाच्या धन्याचा कापूसतळणीच्या एकाहि बांधावर कांहीं अधिकार चालत नव्हता. अशा भाडेपट्ट्याच्या मुलुखांत जी आगगाडी आली तीहि भाडेपट्ट्याचीच असावी, यांत नवल कसलें?

वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत कापूस जुना आहे. पण त्याच्यामागें आगगाडी धांवूं लागली ती अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या निमित्तानें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेचा कापूस बंद पडतांच लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि हिंदुस्थानकडे वळली, वऱ्हाडी कापसाचे भाव एकाएकीं चढले, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ वऱ्हाड ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोंचले. पण हा मोठा मार्ग कापसाच्या दोन प्रमुख पेठांना चुकवून गेला होता. खामगांव एका बाजूस राहिलें, अमरावती दुसऱ्या बाजूस. तेव्हां सरकारनें जलंबहून खामगांवास व बडनेऱ्याहून अमरावतीस असे दोन छोटे फांटे स्वतः बांधले. खामगांवचा फांटा १८७० सालीं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें सुरू झाला. आठ मैलांच्या फांट्यासाठीं बादशहाचा प्रतिनिधि खामगांवीं यावा, यावरून त्या वेळीं कापसाच्या गांठीस केवढा मान होता हें ध्यानांत येतें. मनुष्यास तो मान वऱ्हाडांत त्यानंतरहि फारसा मिळाला नाहीं.

त्यानंतर चाळीस वर्षांनीं मूर्तिजापूरचे फांटे निघाले, तेव्हां सरकारचा पवित्रा बदललेला होता. लहान फांट्यांत सरकारी पैसा गुंतवावयाचा नाहीं, तो खाजगी भांडवलदारांनीं घालावा, सरकारनें फक्त सवलती द्याव्या, असें धोरण १८९३ पासून ठरलें होतें. या सवलतींचें स्वरूप समजून घेण्यासारखें आहे. फांटा एकटा पाहिला तर त्याचें उत्पन्न बेताचेंच असतें; परंतु फांट्यावरून आलेला माल पुढें मोठ्या मार्गावरून शेंकडों मैल जातो, आणि खरी कमाई त्या मोठ्या मार्गाची होते. म्हणून फांट्याच्या भागीदारांस ठराविक नफा पडावा एवढ्याकरितां मोठ्या मार्गाच्या त्या कमाईंतील कांहीं भाग फांट्याच्या कंपनीस परत द्यावयाचा, अशी ती तजवीज होती. याचा अर्थ असा कीं फांट्यावरील स्टेशनाची किंमत त्या स्टेशनावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांवर ठरतच नव्हती. तेथून मूर्तिजापुराकडे किती गांठी गेल्या, यावर ती ठरत होती. कापूसतळणीचें स्टेशन म्हणजे, हिशेबाच्या वहींतून पाहिलें तर, मोठ्या मार्गाच्या पोटांत माल ओतणारें एक नरसाळें होतें.

या सवलतींचा फायदा घेणाऱ्या पेढ्यांत मुंबईची किलिक निक्सन ही एक प्रमुख पेढी. १८५७ सालीं स्थापन झालेल्या या पेढीनें तापी खोऱ्यांतील रेल्वेसारखे अनेक मार्ग आपल्या व्यवस्थापनाखालीं उभे केले. १९१० सालीं तिनें सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, आणि पहिलें महायुद्ध संपण्याच्या आंत मूर्तिजापूरचे दोन्ही फांटे चालूं झाले. मालकी या कंपनीची. व्यवस्था किलिक निक्सनची. आणि गाड्या चालविण्याचें काम करारानें ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे. स्टेशनावरचा नोकर पगारानें एकाचा, इमारत दुसऱ्याची, आणि नफ्याचा हिशेब मुंबईच्या तिसऱ्याच कचेरींत. पुढें १९२५ सालीं ही मोठी रेल्वे सरकारनें आपल्या हातीं घेतली आणि १९५१ सालीं तिची मध्य रेल्वे झाली. कापूसतळणीच्या दृष्टीनें एवढाच फरक पडला कीं गाडी चालविणाऱ्याचें नांव बदललें. वऱ्हाड मध्यप्रांतांतून १९५६ सालीं मुंबई राज्यांत आलें, १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. कंपनी मात्र होती तेथेंच होती.

रुळांची रुंदी अडीच फूट कां, हेंहि याच वहींत सांपडतें. अरुंद मार्गास भराव कमी लागतो, पूल हलके चालतात, वळणें तीव्र घेतां येतात, आणि इंजिन व डबे स्वस्त पडतात. उलट तोटा असा कीं मूर्तिजापुरास आलेली प्रत्येक गांठ लहान डब्यांतून उतरवून मोठ्या डब्यांत चढवावी लागते. हा तोटा हमालांच्या पाठीवर पडणारा असल्यामुळें भांडवलाच्या जमाखर्चांत तो लहान दिसला असावा. पूर्णेच्या खोऱ्यांतील जमीनहि लोहमार्गास अनुकूल नाहीं. ही काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर टाकलेली खडी दरवर्षीं थोडी थोडी गिळली जाते, आणि रूळ सरळ ठेवण्यासाठीं गँगमनांना सदैव राबावें लागतें. पुढें पुढें ही देखभाल जसजशी हलकी झाली तसतसा गाडीचा वेग उतरला. शेवटच्या काळांत ती ताशीं वीस किलोमीटरांच्या आसपास चाले. ती हौसेनें रमतगमत चाले असें लिहिणारांनीं एकदां आषाढांतील त्या मातींत पाय घालून पाहावा.

आतां मँचेस्टरची गोष्ट. वऱ्हाडचा कापूस शकुंतलेनें मूर्तिजापुरास, मूर्तिजापुराहून मुंबईस आणि मुंबईहून मँचेस्टरला गेला, असें आज प्रत्येक लेखांत सांपडतें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळच्या स्थितीविषयीं हें विधान केलें असतें तर आम्ही तें निमूटपणें मान्य केलें असतें. पण १९१० नंतरच्या काळास तें लागूं पडत नाहीं. लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाड-मध्यप्रांतच्या कापसास 'ऊमरा' म्हणत. उमरावती, म्हणजे आपली अमरावती, हें त्या शब्दाचें मूळ. हा ऊमरा आंखूड धाग्याचा. लँकेशायरच्या बारीक सुतास तो जमत नसे, आणि अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस पुन्हां सुरू होतांच तेथील गिरण्यांनीं त्याच्याकडे पाठ फिरविली. पहिल्या महायुद्धाच्या आधींच्या वर्षांत हिंदुस्थानच्या कच्च्या कापसाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक जपान होतें. त्याच्या मागें जर्मनी, बेल्जम, इटली हे देश होते. ब्रिटनचा वांटा थोडासाच होता. जपानशीं हा व्यापार वाढावा म्हणून जमशेटजी टाटा यांनीं जपानी निप्पॉन युसेन कैशा कंपनीशीं हातमिळवणी करून १८९३ सालीं मुंबई-जपान जहाजें सुरू करविलीं, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्याच टाटांची एम्प्रेस मिल नागपुरांत १८७७ पासून चालूं होती, आणि मुंबईच्या गिरण्यांची भूक तर त्याहून कितीतरी मोठी. तेव्हां कापूसतळणीच्या आसपासच्या शेतांतील कापूस ओसाका किंवा परळ येथें गेला असण्याचा संभव मँचेस्टरपेक्षां पुष्कळच अधिक आहे.

हें सांगण्यांत इंग्रजांची तरफदारी करण्याचा आमचा हेतु नाहीं. नफा कोणाच्या खिशांत गेला हा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं. उलट अधिक अवघड होतो. सगळें पाप मँचेस्टरच्या माथीं मारलें कीं मुंबईचे दलाल, जिनिंगवाले, आडते, भागीदार, हे सर्व निष्पाप ठरतात. मँचेस्टरचा या मार्गाशीं जो निर्विवाद संबंध आहे तो उलट्या दिशेचा आहे: तेथून इकडे इंजिन आलें. १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलेलें झेड. डी. वर्गाचें वाफेचें इंजिन १९२३ सालीं या मार्गावर कामास लागलें, आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षें, तें गाडी ओढीत होतें. त्यानंतर डिझेलचें इंजिन आलें.

तशीच दुसरी समजूत मालकीची. स्वातंत्र्यानंतर सर्व रेल्वे सरकारी झाल्या, हा एकच मार्ग सरकार विसरलें, आणि म्हणून तो इंग्रजांच्याच मालकीचा राहिला, असें मोठ्या चवीनें सांगितलें जातें. यांत विसरण्याची गोष्ट कोठेंच नाहीं. खाजगी कंपन्यांचे लहान मार्ग सरकारनें एका दिवसांत घेतले नाहींत. ज्याचा त्याचा करार पाहून ते एकेक करून घेतले, आणि कित्येक घेतलेच नाहींत. बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजीं सरकारी झाली. उलट दिल्लीजवळील शहादरा-सहारनपूर, बंगालमधील हावडा-आमता, बिहारमधील आरा-सासाराम हे अरुंद मार्ग खाजगी कंपन्यांकडेच राहिले, आणि १९७० ते १९७८ या काळांत एकामागून एक बंद पडले. त्यांना कोणी विसरलें नव्हतें. ते विकत घेण्याजोगे कोणास वाटले नाहींत इतकेंच. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी ही मुंबईची कंपनी, आणि किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय भांडवलदारांच्या हातीं गेली. म्हणजे मध्य रेल्वे ज्या मालकास या मार्गाबद्दल मोबदला देत आली तो मालक इंग्रज नव्हता, आपल्यांतलाच होता. इंग्रज मालकावर रागावणें सोपें असतें, म्हणून ती समजूत टिकली असावी, असा आमचा तर्क आहे.

परंतु या विभागलेल्या मालकीचा परिणाम फार खोल झाला. मार्ग ज्याचा, त्याला तो दुरुस्त करण्यांत स्वारस्य नाहीं, कारण गाडी दुसरा चालवितो. गाडी जो चालवितो त्याला दुसऱ्याच्या मालमत्तेवर पैसा खर्चण्याचें कारण नाहीं. गांठींचा काळ होता तोंवर ही अडचण झांकली गेली. मग मोटारी आल्या. जिनांतून निघालेली गांठ मूर्तिजापुरास उतरवून पुन्हां चढविण्यापेक्षां ट्रकनें सरळ ठिकाणावर नेणें स्वस्त पडूं लागलें. महाराष्ट्र सरकारनें १९७२ सालीं कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, आणि बंड्यांच्या रांगा खरेदी-केंद्रांपुढें लागूं लागल्या; त्यांना स्टेशनाकडे वळण्याचें कारण उरलें नाहीं. ज्या मालासाठीं मार्ग घातला तो माल असा निघून गेला, आणि जिच्यासाठीं तो घातला नव्हता ती रयत तेवढी गाडींत उरली.

खर्च कमी करण्याचा पहिला उपाय म्हणजे स्टेशनावरील मनुष्य काढणें. दुर्दैवानें, किंवा सुदैवानें म्हणा, तसें करणें येथें सोपें होतें. स्टेशनमास्तराचें मुख्य काम तिकीट देणें हें नसतें. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांची टक्कर होऊं न देणें हें असतें. एका स्टेशनाची परवानगी दुसऱ्यास कळवावयाची, सिग्नल पाडावयाचा, सांधे बदलावयाचे, एका गाडीस बाजूस घेऊन दुसरीस वाट द्यावयाची. पण ज्या फांट्यावर एका वेळीं एकच गाडी धांवते तेथें टक्कर व्हावयाची कोणाशीं? तेथें सिग्नल नको, तारयंत्र नको, सांध्यावरचा मनुष्य नको. आणि हे सर्व नको म्हटल्यावर स्टेशनमास्तरहि नको. उरतें तें तिकीट. तें काम गार्डाकडे आलें.

शकुंतलेचा गार्ड हा या अर्थानें सबंध रेल्वेखात्याचा संक्षेप होता. गाडी थांबली कीं त्यानें खालीं उतरावें, डब्याजवळ जमलेल्या मंडळींना तिकिटें द्यावींत, मोड मोजावी, सामानाचा वाद मिटवावा, सर्व चढले याची खात्री करावी आणि मग निशाण दाखवावें. पुढच्या स्टेशनावर पुन्हां तेंच. वाटेंत रस्ता आडवा आला तर फाटकावर फाटकवाला नसे. गाडी अलीकडेच उभी राही, तिच्यावरचाच एक मनुष्य उतरून फाटक लावी, गाडी रस्ता ओलांडून पुन्हां उभी राही, तो फाटक उघडी आणि धांवत येऊन चढे. अशा रीतीनें गाडी आपल्याबरोबर आपलें स्टेशन, आपलें फाटक आणि आपला स्टेशनमास्तर घेऊन फिरत होती; ती निघून गेली कीं मागें राही एक पाटी, एक छपराची इमारत आणि कडुलिंबाखालीं वाळत पडलेली शेतकऱ्याची तूर. मनुष्य नसलेल्या या स्टेशनांची व्यवस्था इतकीं वर्षें निभावली यांत त्या मूठभर नोकरांचा व प्रवाशांचा परस्परांवरील विश्वास किती असेल, याची कल्पना करावी. गार्डास गांवाच्या सवयी ठाऊक होत्या, आणि गांवास गार्डाच्या.

मात्र या व्यवस्थेच्या पोटांत एक घात दडलेला होता, आणि आमच्या दृष्टीनें या सबंध इतिहासांतील तीच महत्त्वाची गोष्ट आहे. रेल्वेच्या हिशेबांत प्रवासी म्हणजे विकलेलें तिकीट. जेथें खिडकी नाहीं, जेथें गाडी चार क्षण थांबणार आणि एकट्या गार्डानें डब्याडब्यांतून फिरावयाचें, तेथें किती जणांस तिकीट मिळणार? बाजाराच्या दिवशीं गाठोडीं घेऊन चढलेल्या बाया, पुढच्या गांवच्या शाळेंत जाणारीं मुलें, यांपैकीं कित्येकांची नोंद कोठेंच होत नसली पाहिजे. वरून पाहणाऱ्यास दिसे तें एवढेंच कीं या स्टेशनाचें उत्पन्न नगण्य आहे. उत्पन्न नगण्य, म्हणून नोकर ठेवणें परवडत नाहीं; नोकर नाहीं, म्हणून उत्पन्न मोजलें जात नाहीं. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे गाडी तोट्यांत आहे हें सिद्ध करण्यास निराळा पुरावा लागत नाहीं. प्रवासी नाहींत म्हणून मार्ग बंद केला, असें जेव्हां सांगितलें जातें, तेव्हां प्रवासी मोजण्यास तेथें कोण होतें, हा प्रश्न विचारण्याचा गांवकऱ्यांस पूर्ण अधिकार आहे.

आणि हे न मोजलेले प्रवासी कोण होते? मोटारीच्या भाड्याहून आगगाडीचें भाडें पुष्कळ कमी, म्हणून ज्यांच्याजवळ वेळ आहे पण पैसा नाहीं असे लोक. शेतमजूर, भाजीवाल्या, दवाखान्यास निघालेले म्हातारे. हा मुलूख गाडगेमहाराजांचा. त्यांचें जन्मगांव शेंडगांव याच अंजनगांव तालुक्यांतलें, आणि त्यांचें आजोळ दापुरें मूर्तिजापूर तालुक्यांतलें. ज्या लोकांच्या धर्मशाळांसाठीं व मुलांच्या शिक्षणासाठीं त्या पुरुषानें जन्मभर झाडू आणि खापर हातीं धरलें, त्याच लोकांची ही गाडी होती. अशा लोकांचीं गाऱ्हाणीं वेळापत्रकाच्या कचेरींत पोंचण्यास उशीर लागतो. यवतमाळच्या बाजूचा अनुभवहि निराळा नाहीं. दारव्ह्याहून पुसदला जाणारा असाच एक अरुंद फांटा १९३१ सालीं सुरू झाला होता. तो केव्हांच नाहीसा झाला, आणि आज त्याचें नांव जुन्या नकाशांवांचून कोठें आढळत नाहीं. कारंजास जुन्या जैन हस्तलिखितांचीं भांडारें आहेत. तेथील पोथ्या शेंकडों वर्षें जपल्या गेल्या. त्या कारंजाच्या स्टेशनावरील माल-नोंदीच्या वह्या जपण्याची बुद्धि मात्र कोणास झाल्याचें दिसत नाहीं, आणि वऱ्हाडच्या अर्थव्यवहाराचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास त्या पोथ्यांइतक्याच या वह्याहि हव्या आहेत.

शेवट असा झाला कीं त्याची तारीख सांगावी असा समारंभच झाला नाहीं. गाडी आज रद्द, उद्यां पुलाच्या दुरुस्तीसाठीं बंद, मग कांहीं दिवस चालूं, मग पुन्हां बंद, असें होत होत दोन्ही फांटे थांबले, आणि २०२० नंतर या रुळांवरून प्रवाशांची नियमित गाडी गेलेली नाहीं. ज्या स्टेशनावर स्टेशनमास्तर असतो तें बंद झालें म्हणजे निदान कुलूप लावणारा कोणी असतो, किल्ली कोणाच्या तरी हवालीं होते, कागदावर सही होते. कापूसतळणीस तेवढेंहि झालें नाहीं. लोकांनीं मोर्चे काढले, अर्ज दिले, रुंद मार्ग करावा अशी मागणी केली. त्या मागणीस आश्वासनें मिळालीं. पण मार्ग रुंद करावयाचा तर आधीं तो कोणाचा हें ठरावें लागतें, आणि मालक, भाडेकरी व सरकार यांच्यामधील तो जुना घोळ प्रत्येक वेळीं आडवा येत राहिला आहे.

दरम्यान यवतमाळास रुंद मार्ग येत आहे, पण तो दुसऱ्या बाजूनें. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्ध्याहून कळंबपर्यंतचा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं सुरू झाला. मालकी सरकारची, पैसा सरकारचा, म्हणून तेथें असला घोळ नाहीं. त्या मार्गाचा कापूसतळणीस उपयोग नाहीं. तो तिथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. अचलपूर, अंजनगांव, दर्यापूर या तीनहि तालुक्यांच्या गांवांना आज मोठ्या लोहमार्गापर्यंत जावयाचें तर मोटारीवांचून दुसरें साधन उरलेलें नाहीं. आणि अरुंद रुळांची ती पट्टी काळ्या मातींत, बाभळींच्या खालीं, अजून कंपनीच्याच नांवावर पडून आहे.